चुना लावण्याआधी



आमच्या देवळाच्या सभामंडपात जत्रेची नाटकं व्हायची. तिथल्या भिंतीवर शारदेचं जुनं चित्र होतं. एका जत्रेआधी आम्ही बायकांनीच हौसेनं त्यावर चुना फासला. भिंत पांढरीशुभ्र झाली, शारदा मात्र गेली. ती रुखरुख अजून आहे.

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९११ सालचं. तिथं बालगंधर्व, मास्टर दीनानाथ गायले. पुढं सिनेमा आला, जुनी सजावट बदलली. १९९३ साली ते बंद पडलं. मग जुने फोटो शोधून, नक्षी, घुमट दुरुस्त करून २०१६ साली पुन्हा उघडलं. म्हणजे मोडलेलंही सावरता येतं, पण जुनी खूण हाती हवी.

म्हणून तुमच्या गावात जुनं चित्र किंवा नाटकाचा रंगवलेला पडदा असेल, तर आधी फोटो काढा. ओलं फडकं फिरवू नका, खिळा ठोकू नका. छत गळत असेल तर ते पहिल्यांदा बंद करा, कारण ओल रंग सोडवते. पडदा घडी न घालता गुंडाळून ठेवा. रंगकामाआधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा.