एका डब्यातल्या चार डिस्क



१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या तिघा संगणकतज्ज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ ही त्यांची नावे. त्या काळात आयबीएमची ३३८० ही अवाढव्य आणि महागडी डिस्क साडेसात हजार मेगाबाइट माहिती साठवायची. दुसरीकडे छोट्या संगणकांसाठी शंभर मेगाबाइटच्या स्वस्त डिस्क बाजारात आल्या होत्या. अशा पाऊणशे डिस्क जोडून मोठ्या डिस्कचे काम का करून घेऊ नये, असे या तिघांनी विचारले. वेग तर कितीतरी पट वाढणार होता. अडचण एकच होती. एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले आणि अशा शंभर एकत्र ठेवल्या, तर सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवडे पुरे व्हायच्या आत, त्यांतली कुठली तरी एक जाणारच. मग जादा डिस्क घ्यायच्या आणि गेलेल्या डिस्कवरची माहिती उरलेल्यांवरून परत उभी करायची. यालाच आज आपण रेड म्हणतो.

रेडचे प्रकार बरेच आहेत. घरात आणि छोट्या ऑफिसात तीन-चारच भेटतात. रेड शून्यमध्ये फाइलचे तुकडे दोन डिस्कवर वाटले जातात. वेग मिळतो, पण एक डिस्क गेली की सगळेच गेले. रेड एकमध्ये दोन्ही डिस्कवर तेच लिहिले जाते. रेड पाच हा खरा बुद्धीचा खेळ. एका डिस्कवर ७, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२ ठेवली, तर तिघांतला कुठलाही एक आकडा पुसला गेला तरी उरलेल्या दोघांवरून तो काढता येतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांची एक सोपी तार्किक क्रिया असते. चार डिस्क लावल्या तर तिघींची जागा वापरायला मिळते. मला हा विचार आजही सुंदर वाटतो.

पण त्या निबंधातल्या हिशेबाखाली एक गृहीत होते, आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे. प्रत्येक डिस्क आपापल्या वेळेला मरते, एकीच्या मरणाचा दुसरीशी संबंध नसतो, हे ते गृहीत.

आता आपल्या टेबलाखालचा संगणक पाहा. २००३ च्या सुमारास रुंद पट्टीसारख्या केबल जाऊन सात पिनांची बारीक साटा केबल आली. एका केबलवर एकच डिस्क, त्यामुळे दोन डिस्कपैकी मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण ही कटकट संपली. वेग सेकंदाला दीड गिगाबिटवरून तीन आणि मग सहा गिगाबिटवर गेला. केबल वेगळ्या झाल्या, पण त्या सगळ्या शेवटी मदरबोर्डवरच्या एकाच चिपसेटमध्ये उतरतात. बायोसमध्ये ‘रेड’ निवडले की वेगळे यंत्र काम करते असे अनेकांना वाटते. बहुतेक बोर्डांवर रेडचा हिशेब ड्रायव्हर आणि सीपीयूच करतात.

सगळे एकाच चिपसेटवर असण्याचा धोका एकदा उघड दिसला. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने जाहीर केले की पी६७, एच६७ या नव्या चिपसेटमध्ये दोष आहे. सहा साटा पोर्टांपैकी सहा गिगाबिटचे दोन ठीक होते. तीन गिगाबिटचे चार पोर्ट काळानुसार कमकुवत होणार होते. त्या चौघांना लागणाऱ्या घड्याळी स्पंदनांच्या भागातल्या एका ट्रान्झिस्टरवर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज येत होते. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च इंटेलने ७० कोटी डॉलर धरला. दोनच डिस्क असलेल्याला चांगल्या पोर्टांवर सरकता येत होते. चिपसेटवरच रेड पाच उभारणाऱ्याला मात्र किमान तीन डिस्क लागतात. त्याची एक तरी डिस्क दुबळ्या पोर्टावरच जाणार. डिस्क ठणठणीत, आणि धोका सगळ्यांच्या सामाईक चिपमध्ये!

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. २००७ साली बियांका श्रोडर यांच्यासोबत सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासणारा संशोधक पुन्हा गार्थ गिब्सनच होता. कंपन्यांच्या कागदांवरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागणे सर्रास होते, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. आणि बदलण्याच्या वेळा एकमेकींपासून स्वतंत्र नव्हत्या. जिथे एक गेली, तिथे लवकरच दुसरी जाण्याची शक्यता जास्त. एकोणीस वर्षांपूर्वीचे आपलेच गृहीत मोजून तपासणे, याला मी खरी विद्या म्हणतो.

आपल्याकडे तर चारही डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी, बहुधा एकाच खोक्यातून येतात. वीज पुरवणाऱ्या एकाच एसएमपीएसवर चालतात. त्यातली एक गेली की नवी लावून तिच्यावर माहिती परत उभी करणे, म्हणजे रीबिल्ड, सुरू होते, आणि उरलेल्या तिघींना पहिल्या बिटापासून शेवटच्यापर्यंत वाचावे लागते. साध्या डिस्कच्या कागदावर साडेबारा टेराबाइट वाचनामागे एखादी न वाचता येणारी चूक मान्य केलेली असते. चार टेराबाइटच्या तीन डिस्क म्हणजे बारा टेराबाइट. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात, पण म्हाताऱ्या डिस्कला सर्वांत जास्त कष्ट नेमके त्याच दिवशी पडतात.

बाकीचे धोके मी भराभर सांगतो. लिहिता लिहिता वीज गेली तर माहिती आणि तिची बेरीज जुळत नाही. म्हणून रेड पाचला यूपीएस हवाच. बोर्डावरचा छोटा सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जाते, ‘रेड’ बंद होतो आणि घाबरलेला माणूस डिस्कचा नवा संच, म्हणजे नवे अ‍ॅरे, बनवून बसतो. तसे करू नका. सेटिंग परत लावली की बहुधा सगळे जागेवर सापडते. कित्येक बोर्डांवर एम.२ ची एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. मॅन्युअलमध्ये ते बारीक अक्षरात असते. आणि चुकून पुसलेली फाइल रेड एक दोन्ही डिस्कवरून इमानेइतबारे पुसतो. लग्नांचे फोटो सांभाळणाऱ्या स्टुडिओवाल्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे: रेड लावा, दुकान अडणार नाही, पण एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, ती संगणकापासून काढा आणि दुसऱ्या इमारतीत ठेवा.

आज घरी गेल्यावर एवढे करा. संगणक बंद करून प्रत्येक डिस्कचा सिरियल क्रमांक आणि तिचा पोर्ट कागदी चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. बिघाडाच्या दिवशी पडद्यावर सिरियल क्रमांक येतो, चार डिस्क मात्र दिसायला सारख्याच असतात. घाईत चांगली डिस्क उपसली, तर रेड पाच तिथेच संपतो.