माराचा नियम

त्रासातून किडा काही शिकतो का? १९६२ साली हॉरिज या इंग्रज शास्त्रज्ञाने ते झुरळांवर तपासलं. मुंडकं काढलेली झुरळं त्याने जोडीजोडीने टांगली. मुंडक्याविनाही झुरळ काही दिवस जगतं. पहिल्याचा पाय खालच्या मिठाच्या पाण्याला टेकला की विजेचा झटका बसे. त्याच क्षणी दुसऱ्यालाही बसे, मग त्याचा पाय कुठेही असो.

पुढे दोघांना एकच नियम लावला: ज्याचा पाय टेकेल, त्यालाच झटका. पहिलं पाय वर धरून राहिलं. दुसऱ्याने मात्र पुष्कळ झटके खाल्ले. आधीचा मार दोघांनाही सारखाच होता. नियम फक्त एकाच्या माराला होता.

आमच्या धरमपेठेच्या बाजारात पिकल्या फळांवर घोंगावतं, तसलं चिलट घ्या. २०१३ साली जर्मनीत अशी चिलटं अंधाऱ्या डबीत ठेवली. एक चालायचं थांबलं की डबी तापे, चालू लागलं की निवे. दुसऱ्याला धग तेवढीच, पण चालून ती टळत नसे. ते मंदावलं, जास्त वेळ बसून राहू लागलं.

मूल म्हणजे चिलट नव्हे, हे खरं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीही बंद केली. पण लहरीप्रमाणे ओरडणं, टोमणे मारणं उरतंच. तेव्हा मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या पोराला 'ढ' म्हणण्याआधी एवढं पाहावं: काय केलं म्हणजे बोलणी टळतील, हे त्याला कधी कळू दिलं होतं का?