प्रवासाचा खर्च आणि प्रवाशाची नजर : पेण-रोह्याकडचे चार प्रवासी

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा बहुधा स्थळांच्या अंगाने केली जाते. लेखक कोठे गेला, त्याने काय पाहिले आणि ते किती रसाळपणे सांगितले, एवढ्यावर त्याचे मोल ठरते. या व्याख्यानात त्याच साहित्याकडे प्रवासाचा खर्च कोणी केला आणि प्रवासी कोणत्या कामासाठी निघाला, या दोन प्रश्नांच्या बाजूने पाहिले आहे. त्यासाठी पेण आणि रोहे या दोन तालुक्यांचा आधार घेण्याचे कारण असे की भोगावती आणि कुंडलिका या नद्यांच्या काठच्या, भात, मीठ आणि बंदरावरची उलाढाल यांवर जगलेल्या या पट्ट्यातून दीड शतकात जी माणसे दूरवर गेली, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही केवळ पाहण्यासाठी गेले नाही.

पहिला मान अर्थात पेण तालुक्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा आहे. भिक्षुकी, म्हणजे यजमानांची धर्मकृत्ये करून मिळणाऱ्या दक्षिणेवर चरितार्थ चालवणे, हा या घराण्याचा व्यवसाय होता आणि घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, अशी वार्ता कोकणात पोहोचली. चारही दिशांना यज्ञशाळा उभारून करावयाच्या या सोमयागात दक्षिणेची लयलूट होणार, या आशेने विष्णुभट आणि त्यांचे काका रामभट 1857 साली उत्तरेकडे निघाले. वाटेतच त्यांना शिपायांच्या उठावाची बातमी कळली, तरी ते माघारी फिरले नाहीत, आणि 1858 च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रजी फौजेने झाशी वेढून घेतली तेव्हा हे वरसईचे भिक्षुक त्या शहरातच अडकले होते. शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी लपून राहून पाहिली, गाठीची कमाई गोऱ्या शिपायांच्या हाती गेली, आणि पुढे चित्रकूट, अयोध्या, काशी करीत ते गंगाजलाची कावड घेऊन परतले. खांद्यावरच्या आडव्या काठीच्या दोन टोकांना जलपात्रे अडकवून केलेली ही कावड म्हणजे त्यांच्या हाती उरलेली एकमेव प्राप्ती होती, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.

या वृत्तान्ताचे लेखन बऱ्याच वर्षांनी, ज्यांच्याकडे गोडसे उपाध्येपण करीत त्या वैद्य घराण्यातील चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून झाले आणि ‘माझा प्रवास’ हे पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर 1907 साली वैद्यांच्या संपादनासह प्रसिद्ध झाले. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी मूळबरहुकूम आवृत्ती 1966 साली सिद्ध केली. इतिहासकार या ग्रंथाकडे उठावाचे साधन म्हणून वळतात, ते योग्यच आहे, परंतु त्यातील नजर मात्र इतिहासकाराची नसून हिशेबी भिक्षुकाची आहे, ही गोष्ट त्यांच्याकडून अनेकदा निसटते. कोणत्या दरबारी काय दक्षिणा मिळाली, पंगतीत काय वाढले, यजमान उदार होता की चिक्कू, याची नोंद गोडसे ज्या काळजीने करतात त्याच काळजीने ते झाशीच्या राणीची दिनचर्याही टिपतात. राणी त्यांच्या लेखी आधी एक आश्रयदाती आहे, वीरांगना नंतर. दान देणाऱ्या हाताकडे लक्ष ठेवण्याची सवय लागलेल्या या डोळ्यांमुळेच राजवाड्यातील पूजा, पोशाख आणि वागणूक यांचे तपशील टिकून राहिले, आणि तो गुण मानावा की मर्यादा, याचा निर्णय गुणाच्याच बाजूने द्यावा लागतो.

यानंतरच्या काळात प्रवासवर्णनाने मराठीत जे रूप घेतले ते फार निराळे होते. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ किंवा पु. ल. देशपांडे यांची युरोपवरील ‘अपूर्वाई’ (1960) आणि आग्नेय आशिया व जपान यांवरील ‘पूर्वरंग’ (1963) ही पुस्तके वाचकाला घरबसल्या परदेश दाखवण्यासाठी लिहिली गेली. त्यांचा लेखक मोकळा आहे, तो थट्टा करू शकतो, कारण समोरच्या देशाकडून त्याला काही घ्यायचे नाही आणि त्या देशाला काही द्यायचेही नाही. पेण-रोह्याच्या प्रवाशांना ही मोकळीक क्वचितच मिळाली.

रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख हे या दृष्टीने गोडसे यांच्या अगदी समोर उभे राहतात. 1896 साली महाडजवळच्या नाते येथे जन्मलेल्या आणि 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या देशमुखांनी केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास करून 1917 साली पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी भारतीय सनदी सेवेच्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला. ही परीक्षा तेव्हा लंडनलाच होत असे, त्यामुळे हिंदुस्थानात कलेक्टरी करू पाहणाऱ्याला आधी समुद्र ओलांडणे भाग होते. पुढे 1931 साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवांपैकी एक म्हणून ते पुन्हा लंडनला गेले.

तथापि, त्यांच्या प्रवासांपैकी सर्वांत अर्थपूर्ण प्रवास 1944 च्या जुलै महिन्यातील आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर या नात्याने ते अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या 44 राष्ट्रांच्या परिषदेत सहभागी झाले, जेथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची रूपरेषा ठरली. भारतीय प्रतिनिधींच्या मनात तेथे स्टर्लिंग शिलकीचा प्रश्न होता. महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून माल आणि सेवा उचलल्या, त्यांची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने हिंदुस्थानच्या नावे जमा करून ठेवली आणि येथे मात्र त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँकेला रुपये छापावे लागले. त्यातून महागाई भडकली. या साठलेल्या येण्याला स्टर्लिंग शिल्लक म्हणतात आणि युद्धाच्या अखेरीस तिची रक्कम सव्वाशे कोटी पौंडांच्या पुढे गेली होती. परिषदेने हा प्रश्न आपल्या कक्षेत घेण्याचे नाकारले. वरसईचा भिक्षुक घरचे कर्ज फेडण्यासाठी यजमान शोधत निघाला होता, रोह्याचा अर्थतज्ज्ञ मात्र राज्यकर्त्याकडेच आपले येणे मागण्यासाठी गेला. दोघांचेही तातडीचे काम फसले, परंतु धनको आणि ऋणको यांच्या जागांची ही अदलाबदल 87 वर्षांत घडली. 1950 साली पॅरिसला नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद देशमुखांकडे आले, तेव्हा त्यांना स्वतंत्र देशाचा अर्थमंत्री म्हणून तेथे बसता आले.

पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 साली जन्मलेल्या विनोबा भावे यांनी खर्चाचा प्रश्न मुळातच निकालात काढला, कारण ते चालत गेले. 1951 साली तेलंगणातील पोचमपल्लीत भूदानाचा, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीनमालकांनी स्वेच्छेने जमीन देण्याचा, आरंभ झाल्यावर सुमारे तेरा वर्षे त्यांची पदयात्रा चालली आणि 1962 च्या सप्टेंबरात ती सीमा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातही गेली, जेथे त्यांना जमिनीचे दान मिळाले. फाळणीला पंधरा वर्षे झाली असताना त्या देशातून पायी जाणे हा आशियाई प्रवासाचा एक विलक्षण प्रकार होय. गोडसेही मागणारे आणि विनोबाही मागणारेच, मात्र विनोबांनी जे मागितले ते दुसऱ्यासाठी होते.

पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म 1920 साली रोह्याचा. 1954 साली जपानमधील शिमिझू येथे भरलेल्या दुसऱ्या जागतिक तत्त्वज्ञान परिषदेत त्यांनी गीतेतील विचार मांडला. परंतु त्यांच्या बाबतीत महत्त्वाचा प्रवास परतल्यावरचा आहे, आणि तो त्यांच्या अनुयायांनी केला. 1958 पासून सुरू झालेल्या भक्तिफेरीत स्वाध्यायी म्हणवणारी ही मंडळी स्वतःच्या खर्चाने गावोगाव जात, शिदोरी सोबत नेत आणि यजमान गावाकडून काही घेत नसत. दक्षिणा हा ज्या परंपरेत प्रवासाचा कणा होता, त्याच परंपरेतील एका शास्त्र्याने तो कणा काढून घेतला आणि तरीही माणसे चालती ठेवली. या फेऱ्यांची प्रवासवर्णने कोणी लिहिली असती तर त्यांत पंगतीचे वर्णन सापडले नसते आणि निसर्गाचेही थोडेच सापडले असते, कारण समोरच्याच्या घरी बसून बोलणे हेच तेथे काम होते.

आज या दोन तालुक्यांतील मध्यमवर्ग सहल कंपनीच्या बसमधून स्वित्झर्लंड किंवा सिंगापूर पाहून येतो, खर्च स्वतःच्या बचतीतून करतो आणि सोबत मराठी जेवणाची हमी मिळवतो. त्याला हिणवण्याचे कारण नाही. चार पिढ्यांपूर्वी ज्या भागातून उत्तरेला निघालेला माणूस जिवंत परतेल की नाही याची खात्री नव्हती, त्या भागातील माणसाने कामावाचून प्रवास करणे ही स्वतःच एक सामाजिक घटना आहे.

या पट्ट्यातून परदेशी सर्वाधिक नियमितपणे जाणारी वस्तू मात्र माणसाने घडवलेली मूर्ती आहे. पेण शहरातील आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांतील कारखान्यांतून गणेशमूर्ती अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातील मराठी घरांकडे जातात. जहाजाला लागणारे आठवडे धरून त्या भाद्रपदाच्या कित्येक महिने आधी तयार व्हाव्या लागतात, म्हणून परदेशी मागणीचा मूर्तिकार गावाकडच्या गिऱ्हाइकाच्या पुष्कळ आधी रंग देऊन मोकळा होतो. मूर्तीची उंची, तिच्या हातांची ठेवण आणि पेटीत भरण्याची रीत या गोष्टी त्याला समुद्रप्रवासाचा विचार करूनच ठरवाव्या लागतात, आणि मूर्ती वाटेत भंगली तर तिचा भार कोणी सोसायचा, हे खरेदीदाराशी आधीच बोलून घ्यावे लागते.