वृद्ध रुग्णांची प्रतीक्षा आणि कायदा



आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे, तो आपणांपैकी प्रत्येकाच्या घरातला आहे. म्हातारी आई न्हाणीत पाय घसरून पडते, वडिलांना मध्यरात्री एकाएकी दम लागतो, आणि मुले त्यांना रिक्षात घालून सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात नेतात. तेथे प्रथम केसपेपर काढावा लागतो, मग बाकावर बसावे लागते, आणि मग स्ट्रेचरवर तासन्‌तास पडून राहावे लागते. ही प्रतीक्षा दैवाने आली आहे, असे समजून आपण ती मुकाट्याने सोसतो. ही समजूत चुकीची आहे. ती घातकही आहे, हे मला आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम ही प्रतीक्षा कोठून उत्पन्न होते ते पाहू. वस्तुतः ती दोन प्रकारची असते. पहिली, डॉक्टरांनी तपासण्यापूर्वीची. दुसरी, ‘दाखल करा’ असे डॉक्टरांनी लिहिल्यानंतर वॉर्डात खाट रिकामी होईपर्यंतची. पुष्कळदा दुसरीच अधिक लांबते. वॉर्डातील खाटा भरलेल्या असल्या म्हणजे दाखल करावयाचे रुग्ण अपघात विभागातच अडकून पडतात, आणि त्यामुळे नव्याने येणाऱ्या रुग्णांना जागा उरत नाही. तेव्हा समोर उभ्या असलेल्या तरुण निवासी डॉक्टरावर किंवा परिचारिकेवर संताप काढून काही साधत नाही. खाटा, डॉक्टर आणि परिचारिका पुरेशा आहेत की नाहीत हे पाहण्याचे कर्तव्य शासनाचे आहे. डॉक्टरावर हात उगारणे हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे. तो आपल्याच न्याय्य तक्रारीचा घातही करतो.

आता असा प्रश्न कोणी विचारील की, प्रतीक्षा तर तरुणासही करावी लागते, मग वृद्धांचा वेगळा विचार का करावा? याचे उत्तर वृद्धाच्या शरीरात आहे. तरुणाला हृदयविकाराचा झटका आला तर बहुधा छातीत कळ येते. वृद्धाला कित्येकदा कळ न येता केवळ दम लागतो, गळून गेल्यासारखे होते किंवा तो असंबद्ध बोलू लागतो. शरीरात जंतूंचा प्रादुर्भाव असूनही त्याला ताप येत नाही. त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला तो कमी आजारी वाटतो आणि मागे ठेवला जातो. शिवाय कठीण स्ट्रेचरवर हालचाल न करता काही तास पडून राहिल्यानेही त्याच्या पाठीवर व माकडहाडावर जखम होण्यास सुरुवात होऊ शकते. पाणी पोटात जात नाही, रोजची औषधे चुकतात, आणि गोंगाटात व दिव्याच्या झगझगाटात झोप न मिळाल्याने मनाला भ्रम होतो. अर्धांगवायूचा झटका रक्ताच्या गुठळीमुळे आला असेल तर ती विरघळविणारे औषध लक्षणे दिसल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ बाकावर गेली तर पुढे उत्तम डॉक्टर लाभूनही ती परत येत नाही.

फ्रान्समध्ये डिसेंबर २०२२ मध्ये ९७ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत ७५ वर्षे व त्यावरील सुमारे १,६०० रुग्णांची पाहणी करण्यात आली. वॉर्डात खाट न मिळाल्याने ज्यांना रात्र तातडीच्या विभागातच काढावी लागली, त्यांपैकी १५.७ टक्के रुग्णालयात मरण पावले. ज्यांना मध्यरात्रीपूर्वी वॉर्डात खाट मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ११.१ टक्के होते. समृद्ध देशाची ही स्थिती आहे. तेव्हा खाटेसाठी काढलेली एक रात्र ही केवळ गैरसोय नव्हे, तीत प्राणाचा प्रश्न आहे.

आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या इतिहासात आहे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगी ताटकळण्याची सवय फार जुनी आहे. पाणवठ्यावर कोणी दया येऊन वरून पाणी ओतील तोवर, चावडीवर कोणी बोलावील तोवर, दूर उभे राहण्यात आपल्या कित्येक पिढ्या गेल्या. म्हणून आजही आजी म्हणते, “मला काही फार होत नाही, आधी त्यांचं बघू द्या.” तिच्या या बोलण्यात नम्रता आहे, हे खरे, परंतु त्या नम्रतेमुळे तिचा आजार कागदावर येत नाही. तिच्या वतीने बोलणे हे मुलांचे व नातवंडांचे काम आहे.

कायदा काय म्हणतो ते आता पाहू. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, प्राण वाचविण्यासाठी उपचार करणे त्याचे कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराचा खटला निकालात निघाला. आगगाडीतून पडून त्याच्या डोक्याला जबर इजा झाली होती. खाट नाही, सोय नाही, असे सांगून एकामागून एका सरकारी रुग्णालयाने त्याला परत पाठविले, आणि अखेर त्याला खाजगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग ठरवून त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली, आणि पैशाची टंचाई ही शासनाची सबब होऊ शकत नाही असे बजावले. तो मनुष्य वृद्ध नव्हता. परंतु त्याने मिळविलेला निकाल आपल्या आईवडिलांनाही लागू आहे.

खास वृद्धांसाठी २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा झाला. त्याच्या कलम २० प्रमाणे साठ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी सरकारी रुग्णालयांत शक्य तेथवर खाटांची सोय करणे आणि स्वतंत्र रांग ठेवणे ही राज्य शासनाची जबाबदारी आहे. मात्र ‘शक्य तेथवर’ हे शब्द आपण नीट ध्यानात घ्यावेत. किती वेळात तपासावे, किती तासांत खाट द्यावी, याविषयी हे कलम काहीच सांगत नाही. कायद्याने हक्क दिला, पण घड्याळ दिले नाही. इंग्लंडमध्ये रुग्ण आल्यापासून ४ तासांच्या आत त्याला दाखल करावे, अन्यत्र पाठवावे किंवा घरी सोडावे, असा दंडक आहे. शंभरांपैकी ९५ रुग्णांच्या बाबतीत तो पाळला जावा, अशी अपेक्षा आहे. २०१५ च्या मध्यानंतर ते उद्दिष्ट त्या देशाला गाठता आलेले नाही. तरीही आकडे दरमहा प्रसिद्ध होतात, म्हणून तेथील नागरिक सरकारला जाब विचारू शकतात. आपल्याकडे जाब विचारण्यास आकडाच हाती नसतो.

यास्तव घड्याळ आपणच ठेवले पाहिजे. घरातील वृद्धांचे आजार व चालू औषधे एका कागदावर लिहून ठेवा. रुग्णालयात पोहोचताच वेळ टिपा. अपघात विभागात रुग्णांचा क्रम आजाराच्या गांभीर्यावरून ठरविला पाहिजे. म्हणून ‘आमचा नंबर कधी?’ असे न विचारता, ‘नाडी, रक्तदाब, श्वास व साखर आधी तपासा आणि केसपेपरवर लिहा’ असे शांतपणे सांगा. प्रकृती बिघडली तर पुन्हा जाऊन सांगा. दुसरीकडे पाठविले तर प्रथमोपचार झाल्याखेरीज हलू नका. पाठविण्याचे कारण लेखी घ्या आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांस मोफत व १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीने राखून ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णास तेथे अनामत रक्कम न मागता घेतले पाहिजे. सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेचे कार्ड मिळू शकते. ते आजारपण येण्यापूर्वीच काढून ठेवा.

अन्याय झाला तर वैद्यकीय अधीक्षकाकडे लेखी तक्रार करा व पोच घ्या. वकिलाला द्यावयास पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झाल्याने हा दर्जा जात नाही. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन अर्ज द्या.

परंतु एकेकट्याने तक्रार करून खाटा वाढत नाहीत. प्रत्येक वस्तीने २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली आपल्या रुग्णालयाला विचारावे की, अपघात विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि वृद्धांसाठी राखलेल्या खाटा किती. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. ते उत्तर आणि घराघरांतून टिपलेल्या वेळा एकत्र करून लोकप्रतिनिधीपुढे ठेवाव्यात. ज्यांनी आपल्याला उभे करण्यासाठी जन्मभर कष्ट उपसले, त्यांना अखेरच्या आजारात स्ट्रेचरवर पडून राहावे लागू नये, एवढ्यासाठी हे काम आजच हाती घ्या, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.

जय भीम.