गाडी थांबवणारा माणूस



माझे वडील पोलिस हवालदार होते. रात्रीची नाकाबंदी करून ते सकाळी घरी आले, की आई आधी पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि मग विचारायची, "झालं ना सगळं नीट?" लहानपणी मला या प्रश्नाचं नवल वाटायचं. गाडी बाजूला घ्यायला लावायची, लायसन्स बघायचं, डिकी उघडायला सांगायची. यात नीट न होण्यासारखं काय असणार? ते मला फार उशिरा कळलं. अंधारात थांबलेल्या गाडीत कोण बसलंय, हे काच खाली होईपर्यंत पोलिसाला ठाऊक नसतं.

अशाच एका थांबवलेल्या गाडीमुळे ज्या रस्त्याला नाव मिळालं, त्याबद्दल आज बोलायचंय. तो अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियात शेतीच्या खोऱ्यात न्यूमन नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या पोलिस दलात रॉनिल सिंग कॉर्पोरल होते. फिजी बेटांतल्या भारतीय वंशाच्या घरातला हा मुलगा. ऊसमळ्यांत राबायला करारावर, म्हणजे गिरमिटावर, जे भारतीय १८७९ पासून फिजीत नेले गेले, त्यांच्या पुढच्या पिढ्या तिथंच रुजल्या. त्या समाजातून रॉनिल २००३ मध्ये अमेरिकेत आले. पोलिस व्हायचं हे मनाशी पक्कं होतं. २०११ मध्ये न्यूमनच्या दलात त्यांची भरती झाली आणि पुढं पोलिसी कुत्र्याला घेऊन गस्त घालण्याचं कामही त्यांच्याकडे आलं.

२०१८ चा नाताळ. त्या रात्री घरच्यांबरोबर सणाचा फोटो काढून ते ड्युटीवर गेले. मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. मध्यरात्र उलटून एक वाजायच्या सुमाराला, चालक दारू प्यायला असावा या संशयावरून त्यांनी एक गाडी थांबवली. थोड्याच वेळात त्यांनी वायरलेसवर गोळीबार झाल्याचं कळवलं. ते वाचले नाहीत. वय होतं ३३.

गावाजवळून जाणाऱ्या राज्यमार्गाचा क्रमांकही ३३ च आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी त्याच्या एका टप्प्याला त्यांचं नाव देण्यात आलं, 'कॉर्पोरल रॉनिल सिंग मेमोरियल हायवे'.

तिथली पद्धत मला सांगावीशी वाटते. कॅलिफोर्नियात असं नाव द्यायचं, तर राज्याच्या विधिमंडळात ठराव मांडला जातो. रस्त्याचा कुठला टप्पा, कुठून कुठपर्यंत, आणि या माणसानं काय केलं, हे त्या ठरावात लिहिलेलं असतं. पाटीचा खर्च सरकारी तिजोरीतून होत नाही. तेवढी रक्कम देणगीतून जमली, की रस्तेखातं पाटी उभी करतं. रस्त्याचा क्रमांक तोच राहतो. जुनं काही पुसलं जात नाही, त्याच्या जोडीला एक नाव येऊन उभं राहतं.

मला हे पटतं. आपल्याकडे जुन्या नावाच्या जागी नवं नाव येतं आणि पुष्कळदा ते कागदावरच राहतं. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या रस्त्याला नेताजींचं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा. लोकांच्या मनात नेताजींबद्दल प्रेम कमी आहे असं मुळीच नाही. जिभेवर बसलेलं नाव उठत नाही, एवढंच.

त्याच मरीन ड्राइव्हवर, गिरगाव चौपाटीजवळ, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, शहरावरच्या दहशतवादी हल्ल्यात, अशीच एक गाडी थांबवली गेली. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे नाकाबंदीवर होते. त्यांच्या हातात काठी होती. समोरच्या दहशतवाद्याच्या रायफलीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि पकड सोडली नाही. म्हणून तो दहशतवादी, कसाब, जिवंत हाती लागला. देशानं त्यांना अशोकचक्र दिलं. पुढं ठाणे भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी त्यांच्या नावावरून 'इशियस तुकारामी' असं नाव दिलं. माझ्या मनाला मात्र सगळ्यांत भिडतं ते चौपाटीजवळचं त्यांचं स्मारक. जिथं गाडी थांबवली, तिथंच ते आहे. आणि हे नाव घेताना 'सहायक फौजदार' हा हुद्दा गाळू नये, असं मला कळकळीनं वाटतं. न्यूमनच्या पाटीवरही नावाआधी 'कॉर्पोरल' आहेच. मोठ्या पदांची नावं रस्त्यांना खूप मिळतात. रात्री भर रस्त्यात उभी राहणारी ही पदं आहेत.

अमेरिकेतच, टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ, संदीप सिंग धालीवाल या शीख डेप्युटी शेरिफचं नाव टोलमार्गाच्या एका टप्प्याला आहे. पगडी आणि दाढी राखून ड्युटी करण्याची मुभा त्यांना २०१५ मध्ये मिळाली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांनीही एक गाडी थांबवली होती. परत आपल्या गाडीकडे वळले, तेव्हा गोळी पाठीमागून आली.

आता न्यूमनच्या त्या पाटीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. पाटी बसवली त्या दिवशी घरचे लोक तिथं होते. मुलगा पाच वर्षांचा झाला होता. बापाचा आवाज आठवेल, एवढा सहवास त्याला मिळालाच नव्हता. गाडी चालवणाऱ्यांना दिसते ती पाटीची पुढची बाजू. मागच्या बाजूला, कुणाच्या सहसा नजरेला पडत नाही तिथं, घरच्यांनी आपल्या हातानं मजकूर लिहिला. त्यात मुलाचीही एक ओळ आहे, 'लव्ह यू पापा'. खाली त्याचं नाव.