अभ्यासगट, ग्रामसभा आणि शहराचा प्रभाग

विचारविनिमयाची लोकशाही, म्हणजे केवळ मते मोजून नव्हे तर कारणे मांडून, ऐकून व तपासून निर्णय घेणारी लोकशाही, छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात प्रत्यक्षात आलेली आहे. तेथे अभ्यासगट केवळ चर्चा करतो आणि निर्णय सर्वसहमतीने चालणाऱ्या ग्रामसभेकडे राहतो. ही फारकत फार मोलाची आहे, कारण जेथे निर्णयाचे दडपण नसते तेथे शंका मोकळेपणाने विचारता येतात. याच तयारीच्या बळावर गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

शहरांत असा विचारविनिमय अधिक कठीण आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली आणि छत्तीसगडमधील भिलाई शहर त्यात सहज बसते. परंतु समित्यांची रचना राज्यांच्या कायद्यांवर सोपवलेली असल्याने नागरिक व नगरसेवक यांच्यातील नियमित संवादाची हमी त्या तरतुदीत नाही. म्हणूनच अशा शहरांच्या वस्त्यांतील पाणी, गटारे व रस्ते यांच्या कामांचा क्रम अंदाजपत्रकापूर्वी खुल्या सभेत चर्चिला जावा आणि सभेचे म्हणणे नाकारल्यास नगरसेवकाने त्याची कारणे लेखी द्यावीत, ही सुधारणा तातडीची ठरते.