गाडीचे नाक आणि दोरीचे माप
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, "बाई, मला उखाणा घेता येतो, भाषण येत नाही. शिक्षण सातवीपर्यंत." त्या म्हणाल्या, "तुम्ही गाडीचे नाक घरी बसवले, तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

आपणांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे की माझ्या सासूबाईंना मूत्रपिंडाचा विकार आहे. सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिससाठी सेवाग्रामला न्यावे लागते. एस.टी.ने गेले तर परतताना त्यांना उभे राहवत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या पैशातून आम्ही जुनी ऑल्टो घेतली. ह्यांना शेतीतून सवड नाही, मुलगा शिकायला नागपूरला, तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले मी. तेव्हा गावात काय काय बोलले गेले ते मी ऐकले आहे. आज त्याचा राग नाही.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सेवाग्रामहून आम्ही दोघी परत येत होतो. सेलू मागे पडले आणि अंधार झाला. डाव्या बाजूच्या तुरीतून एक रोही एकदम रस्त्यावर आला. वाढलेला नर दोनशे किलोच्या घरात असतो. ब्रेक दाबेपर्यंत तो गाडीच्या डाव्या कोपऱ्यावर आदळला. काचेवर धूळ, पुढे काही दिसेना. मी पहिल्यांदा सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी पट्टा लावला होता. रोज म्हणायच्या, "मले हे दोर काहून बांधतेस?" त्या दिवशी त्याच पट्ट्याने त्यांना धरून ठेवले. खांदा दुखला, तेवढेच. रोही उठला आणि लंगडत तुरीत शिरला.

आता भगिनींनो, अशा वेळी काय करावे ते सांगते, कारण तेव्हा मला ते सुचायला वेळ लागला. गाडी कडेला घेऊन चारी बाजूंचे पिवळे दिवे लावावे. इंजिन बंद करावे. आमच्या गाडीखाली हिरवट पाणी सांडत होते, म्हणजे रेडिएटर फुटला होता. तशीच गाडी पुढे दामटली असती तर इंजिनही गेले असते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, वाफ तोंडावर येते. जनावर जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे आणि त्याच्या जवळ जाऊ नये. माणसाला लागले असेल तर ११२. मी ह्यांना आणि १९२६ ला दोन्हीकडे कळवले. पुतण्याने सासूबाईंना फटफटीवर सावकाश घरी नेले, आणि गाडी ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून अंगणात आणली.

सकाळी उजेडात पाहिले. डावा दिवा फुटलेला, जाळी तुटलेली, बंपर दोन ठिकाणी चिरलेला, बॉनेटच्या ओठाला मोठा पोचा. विमा होता, पण तो फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा. कायद्याने तेवढा सक्तीचा आहे, आपल्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो आम्ही पैसे वाचवायला घेतला नव्हता. गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून हे गप्प बसले. कापूस अजून घरातच होता. शेवटी माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पत्र्याचं काम आहे. घरीच पाहू."

माझ्या मनात तेव्हा दुरुस्तीपेक्षा दुसरेच होते. हातून आपटली, आता किल्ली हातात मिळणार नाही, अशी भीती. म्हणून मी दोघांच्या आधी साडीचा पदर खोचून कामाला लागले.

प्रथम बॅटरीची उणे बाजूची तार सोडली. आमच्या गाडीत एअरबॅग नाही. पण १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली आहे. ज्यांच्या गाडीत ती आहे त्यांनी पुढच्या भागातील तारांना घरी हात लावू नये. एसीच्या नळ्याही सोडू नयेत, आत दाबाने भरलेला वायू असतो. ज्याचे त्याला करू द्यावे.

मग खोलायला सुरुवात केली. निघालेला एकेक स्क्रू मी मसाल्याच्या डब्यातील वाट्यांत ठेवला: बंपरचे एका वाटीत, दिव्याचे दुसरीत, चाकावरच्या आवरणाचे तिसरीत. दिरांना हसू आले. पण बसवताना एकही स्क्रू शोधावा लागला नाही, तेव्हा त्यांनीच डब्याची तारीफ केली.

बंपर प्लॅस्टिकचा असतो. त्याला दबल्या जागी हातोडी लावायची नाही. पातेलेभर उकळते पाणी पोच्यावर ओतले, हातात जाड फडके घेऊन आतून दाबले, आणि बाहेर येताच वरून थंड पाणी ओतले. निम्मे पोचे असेच निघाले. चिरा मात्र शिवाव्या लागल्या. चीर जिथे संपते तिथे बारीक भोक पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. दोन्ही काठांना समोरासमोर भोके पाडून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी टाके घातले. आतल्या बाजूने तांब्याची बारीक तार डाखणीने तापवून प्लॅस्टिकात बसवली. हे मी केले. फाटलेले पोते शिवणाऱ्या बाईला त्यात अवघड काही नाही. फक्त प्लॅस्टिक तापते तेव्हा धूर वाईट असतो, म्हणून काम अंगणात, वाऱ्याच्या बाजूला बसून.

बॉनेटचा पत्रा ह्यांनी घेतला. खाली वाळूची पिशवी, वरून लाकडी मोगरी. नवशिका माणूस पोच्याच्या मध्यावर घाव घालतो. ते चूक. काठाकाठाने, हलक्या हाताने, आत येत जावे. जास्त ठोकले तर पत्रा ताणतो, मग तो पिंपाच्या झाकणासारखा टकटक वाजत राहतो आणि काही केल्या सपाट होत नाही. उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी घासून प्रायमर मारला, नाहीतर दवाने सकाळपर्यंत गंज धरतो. त्यावर लांबी. लांबी पातळच हवी. खड्डा लांबीने बुजवू गेले की चार महिन्यांत ती पोपडा धरून सुटते. मग पाण्याचा कागद, आधी जाडा, नंतर बारीक, आणि शेवटी रंग. नाकातोंडाला फडके बांधले होते आणि चूल विझवली होती.

रेडिएटर वर्ध्याला जाऊन बदलून आणला. दिवा जुन्या बाजारातून बाराशे रुपयांना मिळाला. ह्या सगळ्यात सोळा दिवस गेले. तेवढ्या दिवसांत सोमवार-गुरुवार कोणी चुकवले नाहीत. दोन वेळा आपल्या उपाध्यक्षाबाईंच्या मुलाचा ऑटो आला, एकदा शेजारच्या काकांची जीप, बाकी वेळी आणखी कोणी कोणी. ज्यांनी पैसे घेतले नाहीत त्यांची नावे घेतलेली त्यांना आवडणार नाहीत. पण सासूबाई रोज घेतात.

सतराव्या दिवशी गाडी अशी दिसू लागली की जाणारा थांबून पाही. दीर म्हणाले, "उद्या गुरुवार. वहिनी, न्या आईला." ह्यांचा चेहराही फुलला होता.

मी बॉनेट लावले आणि माझी नजर फटीवर गेली. उजवीकडे बॉनेट आणि मडगार्डमध्ये काडीपेटीची काडी सहज जाई. डावीकडे नखही जाईना. हे म्हणाले, "बिजागरी थोडी सरकवू, होईल." मला चैन पडेना. गेल्या वर्षी वर्धापनदिनाच्या मांडवाचे खांब रोवताना मांडववाल्याने काय केले होते, आठवते? दोरी ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धरली, मग उलट बाजूने. दोन्ही मापे सारखी आली तेव्हाच खड्डे खणले. सातवीच्या भूमितीत हेच होते, आयताचे कर्ण समान. तेव्हा पाठ केले होते, उपयोग कळला नव्हता.

मी पायजम्याची नाडी घेतली. इंजिनाच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे जे ठळक नट असतात, त्यांतील उजव्यापासून पुढच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत धरली, गाठ मारली. मग डाव्यापासून पुढच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत. गाठ दीड बोट कमी पडली. पुन्हा धरली, पुन्हा तेच. म्हणजे रंगाच्या आत, जाळीच्या आत, गाडीचा डावा कोपराच मागे गेला होता. आम्ही तिचे तोंड धुऊन पावडर लावली होती, मोडलेले हाड तसेच होते.

मी म्हटले, "ह्या गाडीत मी आईंना बसवणार नाही."

हे रागावले. सोळा दिवसांचे कष्ट होते, तो राग खोटा नव्हता. म्हणाले, "साखळी लाव निंबाले, रिव्हर्स घेतो, कोपरा सरळ होते." मी किल्ली कमरेला खोचली आणि आत गेले. त्या रात्री घरात कोणी बोलले नाही. मला २०२२ सालचा जानेवारी आठवत होता. सेलसुऱ्याजवळ पुलावरून मोटार खाली कोसळली आणि सात वैद्यकीय विद्यार्थी एका रात्रीत गेले. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या आईने ती रात्र आठवली नसेल? ती गाडी आणि आमची गाडी ह्यांचा संबंध नाही, हे मला कळते. पण रस्त्यावर क्षणात काय होते ते त्या दिवशी सगळ्या जिल्ह्याने पाहिले होते.

सकाळी सासूबाई ओसरीवर बसून म्हणाल्या, "लेका, तिनं दोरी दोनदा धरली. तू एकदा तरी धर." ह्यांनी धरली. काही बोलले नाहीत. दुपारी टेम्पोवर घालून गाडी वर्ध्याला नेली.

गॅरेजवाल्याने गाडी चौकटीला बांधून यंत्राने कोपरा हळूहळू पुढे ओढला, एक जोड वितळवून पक्का केला आणि चाकांची दिशा तपासली. म्हणाला, समोरचा भाग मुद्दाम असा केलेला असतो की धडकेत तो चेपावा आणि मार माणसापर्यंत येऊ नये. एकदा चेपलेला भाग तसाच सोडला तर पुढच्या धडकेत तो आपले काम नीट करील ह्याचा भरवसा नाही. झाडाला बांधून ओढले असते तर चांगला कोपराही वाकडा झाला असता. साडेचार हजार रुपये घेतले. आमच्या रंगाचे दोन ठिकाणी टवके उडाले, ते आजही तसेच आहेत. आम्ही आधी रंग केला आणि माप नंतर घेतले, ही आमची चूक. आपण कोणी केले तर आधी माप घ्या.

घरी आल्यावर एक काम उरले होते, ते मी केले. संध्याकाळी गाडी गोठ्याच्या भिंतीसमोर वीस-पंचवीस फुटांवर सपाट जागी उभी केली. उजव्या चांगल्या दिव्याचा झोत भिंतीवर जिथे पडला तिथे खडूने रेघ मारली आणि डावा दिवा त्याच उंचीवर आणला. झोत वर गेला तर समोरच्याचे डोळे दिपतात, फार खाली गेला तर आपल्याला रोही दिसत नाही.

भगिनींनो, १९३७ साली आपल्या वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असा विचार देशापुढे ठेवला गेला. नई तालीम ती हीच. मी काही त्या शाळेत शिकले नाही. पण एवढे म्हणेन की त्या सतरा दिवसांत मी जे शिकले ते पुस्तकात वाचले असते तर विसरले असते. हाताने पुष्कळ होते. बंपर शिवता येतो, पत्रा सरळ करता येतो, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण हात कुठे थांबवायचा हेही हातानेच शिकावे लागते. ज्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे ते दिसण्यावर सोडू नये.

पुढच्या सोमवारी मी गाडी काढली. ह्यांनी किल्ली माझ्याकडे मागितली नाही. सासूबाई पुढच्या जागेवर बसल्या, पट्टा आपल्या हाताने ओढून घेतला आणि म्हणाल्या, "चाल. पण रस्त्याकडे पाह्य, माझ्याकडे नोको पाहू."

आता आम्ही अंधार पडायच्या आत घरी येतो. परतीच्या वाटेवर गाडीत एक जागा रिकामी असते. मंडळातील कोणाला सेवाग्रामला दवाखान्यात जायचे असेल तर आदल्या दिवशी सांगावे. मला संकोच नाही, आपणही करू नये.